ट्रॉलीतली खुर्ची

१७ ऑगस्ट २०२५
मुजमहुडा, बडोदे

आकांक्षा,

‘प्रिय’ लिहायला विसरलेले नाही.

फोनवर मी तुला ब्लॉक केलंय आणि ते तसंच राहणार आहे. पण बोलल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाहीये. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू निळी टिक न दाखवता वाचून मोकळी झाली असतीस. कागद निदान फाडावा तरी लागतो. पत्र तुझ्या कारेलीबागच्या पीजीवर पाठवते आहे. पादऱ्याला तुमच्या गावच्या घरी पाठवलं तर तात्यासाहेब उघडतील, आणि यात जे आहे ते तुझ्या वडिलांनी वाचावं असं मला अजून तरी वाटत नाही.

गुरुवारी तू सकाळच्या बॅचला होतीस, माझा नंबर जेवणानंतर लागला. म्हणजे आत काय झालं ते तुला माहीत नसणार. ऐक.

मकरपुऱ्याची ती ट्रान्सफॉर्मरची कंपनी, पर्चेस खात्यात एक जागा, आणि त्या एका जागेसाठी आपण दोघी. हे तर आपण हसत हसत ठरवलंच होतं, की जिला मिळेल तिनं दुसरीला मांडवीला नेऊन पोटभर खाऊ घालायचं. आत तिघं बसले होते, दोन साहेब आणि एचआरच्या जाड चष्म्याच्या बाई. सुरुवात नेहमीची झाली. एमबीएनंतरचं वर्ष रिकामं का, मराठी आहात तर लग्न करून पुण्याला जाणार का, वगैरे. मग बाईंनी विचारलं, टेल अस अबाउट अ डिफिकल्ट सिच्युएशन. माझ्या जिवात जीव आला. बाकी कुठे मी अडखळते, पण या प्रश्नाला मी आजवर कधी अडले नव्हते.

मी सुरू केलं. गेल्या वर्षीचा ऑगस्ट, विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत कमरेपर्यंत, बाबांचं डायलिसिस चुकलेलं, पाय सुजून खांब झालेले, बोटवाल्यांचे फोन लागत नाहीत. मग मी पादऱ्याला तुमच्या घरी फोन केला, ट्रॅक्टर मागवला, ट्रॉलीत आमची प्लास्टिकची खुर्ची दोरीनं बांधली आणि तीत बाबांना...

‘खुर्ची’ म्हटल्याबरोबर दोन्ही साहेब एकमेकांकडे बघून हसले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“बेन, आ तो अमे सवारे ज सांभळ्युं,” त्या म्हणाल्या. हे तर आम्ही सकाळीच ऐकलं. तोच ट्रॅक्टर, तीच खुर्ची. “ए छोकरीना पप्पा पण गुजरी गया, डिसेंबरमां.”

एक साहेब हिंदीत म्हणाले, “कौन-से क्लास में सिखाते हैं ये ट्रॅक्टरवाला आन्सर?”

मी गप्प बसले. हेच मला स्वतःचं सहन होत नाहीये. चार दिवस झाले, आंघोळ करताना, कणीक मळताना, रिक्षात, मी त्यांना काय काय सुनावते! आणि तेव्हा मात्र बाहुलीसारखी बसून राहिले. बाई म्हणाल्या, थँक यू, वी विल लेट यू नो. मी उठून आले.

तुझे पप्पा गेले, आकांक्षा? त्या सकाळी पादऱ्याच्या भाजीबाजारात वांग्यांच्या पोत्यांवर उभे राहून हमालांवर ओरडत असतील ते तात्यासाहेब, ते डिसेंबरात गेले? डिसेंबरात गेले ते माझे बाबा. विश्राम नाव होतं त्यांचं. तू अंत्ययात्रेला होतीस. माझ्या आईला धरून बसली होतीस.

बाहेर आले तर मोबाईलवर तुझा मेसेज, ‘कसा झाला गं? माझा मस्त!!’

तुझ्यापाशी उत्तर असेल तर लिही. नसेल तरी लिही.

शर्वरी

१४ सप्टेंबर २०२५

आकांक्षा,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच म्हणते, पत्र म्हणायला चार ओळी तरी लागतात. ‘तोंडून निघून गेलं. त्यांनी विचारलं आणि मला काहीच आठवेना. माझ्या आयुष्यात कधी काही घडलंच नाही गं, मी काय सांगणार होते? सॉरी.’

आणि खाली, जणू मला ठाऊकच नसेल, ‘एक तारखेला जॉइन झाले.’

तोंडून शिंक निघते, आकांक्षा. खोकला निघतो. ट्रॅक्टर, ट्रॉली, डायलिसिसचं सेंटर, नर्सचं ‘काका, वरात आली का तुमची?’ म्हणणं आणि वर बाबांचा मृत्यू, एवढं सगळं ओळीनं तोंडून निघत नाही.

पण ते तुझ्या तोंडात कुणी घातलं, हेही मला माहीत आहे, आणि त्याचाच जास्त संताप येतो. इंटरव्ह्यूच्या सरावात अदलाबदलीची युक्ती माझी. आमच्या पुढच्या खोलीत तू शर्वरी व्हायचंस, मी आकांक्षा व्हायचं. आपलं उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कुठे लांबलं, कुठे खोटं वाटलं, ते कळतं. तू माझी होऊन ‘माय फादर’ म्हणायचीस आणि आई आतून म्हणायची, पोरींनो, जरा हळू. तू सांगितलंस की मी चांगली सांगते, पण फार भरभर सांगते. ‘खुर्ची’च्या आधी थांबायचं. एक श्वास घ्यायचा. मग म्हणायचं, “अँड वी टाइड हिम टू अ चेअर.” तू ते करून दाखवलंस तेव्हा मला रडू आलं होतं, आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता काय झालंय ते ऐक. मला ती गोष्ट सांगताच येत नाही. नंदेसरीला एका केमिकल कंपनीत गेले. तिथे तू नव्हतीस, तिथे ती कुणी ऐकलेली नव्हती. सुरू केली. ट्रॅक्टरपर्यंत आले, थांबले, एक श्वास घेतला. आणि माझ्या लक्षात आलं की मी तुझ्यासारखी थांबले. आवाज तुझा, हात तुझे. पुढे शब्दच येईनात. समोरचे गृहस्थ भले होते, त्यांना वाटलं मला भरून आलंय. पाणी दिलं. नोकरी नाही दिली.

करजणला गेले. तिथे साहेबांनी पहिला प्रश्न केला, “तमे तो मराठी. मॅरेज पछी पुणे-मुंबई जता रहेशो ने?” लग्नानंतर निघूनच जाल ना, म्हणे. मी म्हटलं, सर, आमचं घराणं गायकवाडांच्या फौजेबरोबर इथे आलं, तेव्हापासून आम्ही कुठेही गेलेलो नाही. ते म्हणाले, “ते तर सगळेच म्हणतात.” दुसऱ्याच आठवड्यात पुण्याच्या कंपनीचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू. तिथली मुलगी माझ्याच वयाची. शुद्ध मराठीत विचारते, “तुम्ही बडोद्याच्या म्हणजे गुजराती ना? मराठी छान बोलता हं. पण घरची आठवण आली की परत जाल, असं होतं बऱ्याचदा.” म्हणजे इथे मी पुण्याला पळणारी आणि पुण्यात मी बडोद्याला पळणारी. धोबी का कुत्ता, आणि धोबीही दोन गावांतले.

आई डबे करते. पोळ्यांच्या पिठानं तिचे हात रात्रीसुद्धा पांढरे असतात. ती काही बोलत नाही, फक्त मी इंटरव्ह्यूहून आले की विचारते, “जेवलीस का?” निकाल काय लागला ते विचारत नाही. मला वाटतं तिनं विचारावं. मग मला कुणावर तरी ओरडता येईल.

तू म्हणतेस तुझ्या आयुष्यात काही घडलं नाही. बरं झालं की! ज्याच्या घरी काही घडत नाही त्यानं देवापुढे साखर ठेवावी. तुला मात्र त्याची लाज वाटली. ही कंपन्यांची माणसं तरी काय, दोन मिनिटांत दुःख सांगा म्हणतात, तेही इंग्रजीत, आणि शेवटी त्यातून आपण काय शिकलो तेही सांगायचं. बाबांच्या सुजलेल्या पायांतून मी काय शिकले? काही नाही शिकले. पण ‘आय लर्न्ट टू स्टे काम अंडर प्रेशर’ असं म्हणायला आपण दोघी मिळूनच शिकलो.

पुन्हा चिठ्ठी पाठवू नकोस. पाठवायचं तर पत्र पाठव.

शर्वरी

२६ ऑक्टोबर २०२५

आकांक्षा,

दिवाळी झाली. तुझं पत्र आलं नाही. तुझे वडील आले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. ट्रॅक्टर नव्हे, स्कूटरवर. सोबत भाज्यांनी भरलेली पिशवी आणि तुझ्या आईनं दिलेले करंज्यांसारखे घुघरे. दारातूनच ओरडले, “काय गं शर्वरी, मजामा?” आणि मग फोटोकडे वळून बाबांना, “काय विश्रामराव, मजामा?” दर वेळी ते तसंच करतात. आईनं चहा ठेवला. मला वाटलं, सणाचे आलेत.

चहा झाला, चिवडा झाला, तरी तात्या उठेनात. शेवटी आई आत गेल्यावर हळूच म्हणाले, “पोरी, एक वात, एक गोष्ट विचारू? खरं सांगशील?”

मी आतल्या खोलीकडे बघितलं.

“आकांक्षाच्या कंपनीत दिवाळीच्या आधी फॅमिली डे झाला. सगळ्यांचे आई-बाप आले होते. फेसबुकवर फोटो टाकलाय त्यांनी. शेजारच्या छोकऱ्यानं दाखवला मला. आमची एकटीच उभी आहे गं त्यात, एका बाजूला. मी तिला विचारलं, तर म्हणाली, तात्या, फक्त लांबच्या लोकांना बोलावलं होतं. आता पादरा लांब नाही म्हणायचं, तर त्या फोटोत तर समोरच्या मकरपुऱ्यातलेच लोक आहेत!”

मी शंकरपाळे मोडत बसले.

“मी भाजीवाला, म्हणून तिला शरम वाटते का?” तात्या म्हणाले. “माझं इंग्रजी नाही, मोठ्यानं बोलतो, सगळं बराबर. पण मी कोपऱ्यात बसलो असतो गं. नवा सफारी शिवला होता. दिवाळीला नाही घातला, म्हटलं, तिच्या ऑफिसला घालू.”

आकांक्षा, मी तुला शाप देत नाही, पण त्या क्षणी तू समोर असतीस तर मी तुझ्या थोबाडीत मारली असती. ते बिचारे समजतात तू त्यांना लपवतेस. त्यांना काय ठाऊक, तू त्यांना मारून ठेवलंयस! त्या ऑफिसात एचआरच्या बाईंना ठाऊक आहे की तुझे वडील डायलिसिसवर होते आणि डिसेंबरात गेले. आता त्यांना तू कुठल्या तोंडानं फॅमिली डेला आणणार? सफारी घालून? बाई म्हणाल्या असत्या, हे कोण, काका?

मी काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, “तात्या, नवीन लोकांना बोलावत नाहीत. सहा महिने झाल्यावर बोलावतात.” ते जरा सावरले. म्हणाले, “असं होय? मग तिनं तसं सांगायचं ना!” आणि चप्पल घालताना पुन्हा म्हणाले, “सहा महिने म्हणजे मार्च. होळीला शिवून घ्यायला नको, सफारी आहेच.”

ते गेल्यावर आई म्हणाली, काय एवढं बोलत होते? मी म्हटलं, भाव पडलेत म्हणत होते.

आता मी तुझ्यासाठी खोटंही बोलते. इतका राग असून का बोलते, मला विचारू नकोस. मला त्या म्हाताऱ्याचं तोंड बघवलं नाही, एवढंच. कमरेइतक्या पाण्यातून, इंजिनात पाणी जाईल म्हणून सगळे नको म्हणत असताना, ट्रॅक्टर घालून आला होता तो माणूस. माझ्या बाबांना उचलून ट्रॉलीत ठेवलं ते त्यानं. तू गोष्ट सांगताना त्याला काय केलंस? ‘अ नेबर विथ अ ट्रॅक्टर’ केलंस? सांग ना. आपल्या बापाला मारलंस आणि त्याच गोष्टीत त्याला शेजारी म्हणून जिवंतही ठेवलंस?

त्यांना खरं सांग. तू सांग. मी सांगायचं काम नाही ते.

शर्वरी

२३ नोव्हेंबर २०२५

आकांक्षा,

तुझं पत्र शेवटी आलं. पाच पानं. वाचली. तू रडलीस, तुला झोप लागत नाही, ऑफिसात कुणी ‘पप्पा’ म्हटलं तरी छातीत धडधडतं, हे सगळं वाचलं. खरं सांगितलं तर काढून टाकतील, हेही वाचलं. तात्यांना सांगितलंस, असं मात्र कुठल्याच पानावर नाही.

तर आता माझी बातमी. तुझ्याच कंपनीतून मला फोन आला. पर्चेसमध्ये आणखी एक जागा निघाली आहे, ऑगस्टच्या उमेदवारांतल्या काहींना पुन्हा बोलावताहेत. गुरुवारी सकाळी. तुला कदाचित माहीतही असेल, तुझ्याच खात्यातली जागा आहे.

मी येणार आहे. तुझी भीड धरून घरी बसायला मी काही संत नाही. आईला परवा पोळ्या लाटताना चक्कर आली आणि ती ओट्याला धरून उभी राहिली. मला ही नोकरी हवी आहे.

आणि त्यांनी ट्रॅक्टरचा विषय काढला, तर या वेळी मी बाहुलीसारखी बसणार नाही. बाबांच्या मृत्यूचा दाखला मोबाईलमध्ये आहे. त्या दिवशीचा फोटोही आहे, ट्रॉलीत खुर्ची, खुर्चीत बाबा, पुढे स्टिअरिंगवर तात्या, आणि मागे ट्रॉलीतच गुडघ्यापर्यंत सलवार वर धरून मी. तू त्यात कुठेच नाहीस. तू पादऱ्याला घरी होतीस, कोरडी.

अगोदर सांगून ठेवते, नंतर पाठीत सुरा खुपसला म्हणू नकोस. तुला बोलायचं असेल तर गुरुवारच्या आत तू बोल, त्यांच्याशीही आणि तात्यांशीही.

शर्वरी

६ डिसेंबर २०२५
मुजमहुडा

आकांक्षा,

तू कुणाशीच बोलली नाहीस. गुरुवारी मी तुझ्या टेबलाजवळून गेले तेव्हा तू कॉम्प्युटरच्या पडद्याकडे असं बघत होतीस, जसं त्यातून कुणी बाहेर येणार आहे. कान मात्र लाल होते. मी थांबले नाही.

खोली तीच, जाड चष्म्याच्या बाई त्याच. साहेब एक नवे, एक जुने. जुन्यांनी मला बघितलं, कागद बघितला आणि बाईंच्या कानाशी लागले. बाई म्हणाल्या, “हां, याद आव्युं.” मग सरळ मला हिंदीत, “देखिए, पिछली बार आपने जो बताया था, वो दूसरी कँडिडेट का था. वो लडकी अभी हमारे यहाँ काम करती है. ये बताइए, वो किस्सा किसका है?”

अशी संधी कुणाला मिळते? मी घरून ठरवून आले होते. मोबाईल मांडीवर, फोटो उघडून ठेवलेला. टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, हा पाहा माझा बाप, आणि हे स्टिअरिंगवर बसलेत ते त्या मुलीचे वडील, धडधाकट आहेत, पादऱ्याला फोन लावून बघा. सगळं पाठ होतं.

फोटोत तात्या हसताहेत. गळ्यात टॉवेल, पाण्यात अर्धं चाक, आणि हसताहेत. मी हा फोटो पुढे सरकवला की काय होईल ते मला एकदम दिसलं. तुला काढतील. बरोबरच आहे, काढावं. पण मग तू घरी जाशील, तात्या विचारतील का काढलं, आणि आज ना उद्या कुणीतरी त्यांना सांगेल की तुमच्या पोरीनं तुम्हाला मेलेलं सांगून ही नोकरी मिळवली होती. तो माणूस मला विचारायला आला होता की तिला माझी शरम वाटते का. त्याला हे कळायला नको होतं, निदान माझ्यामुळे तरी नको. तुझ्यासाठी नाही केलं मी, हे नीट वाच. तुझ्यासाठी मी बोटसुद्धा हलवलं नसतं.

मी मोबाईल उलटा केला आणि म्हटलं, “तिचाच आहे, मॅडम. मी तिच्याकडून ऐकला होता. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सांगितला. चूक झाली.”

बोलताना मला वाटलं, बाबा ऐकताहेत. त्यांचे ते सुजलेले पाय, खुर्चीला बांधलेली दोरी, नर्सनं वरात म्हटल्यावर त्यांचं लाजणं, सगळं एका वाक्यात मी तुला देऊन टाकलं. रडले नाही. रडले असते तर गोष्ट उघडी पडली असती.

मग नव्या साहेबांनी विचारलं, “तो फिर आपका खुद का कोई किस्सा?” मी म्हटलं, सर, किस्सा नाही. कामाचं विचारा. पर्चेसचं विचारा. माझा आवाज चढला असावा, कारण बाई जरा मागे सरकल्या. खरंच सांगते, त्या घडीला नोकरी गेली खड्ड्यात, असं झालं होतं मला.

त्यांनी विचारलं. तांब्याची तार वेळेवर आली नाही, सगळ्यांत स्वस्त भाव दिलेला सप्लायर फोन उचलत नाही, लाईन थांबायची वेळ आली, काय कराल? मी सांगितलं, फोन करत बसणार नाही, त्याच्या गोडाऊनला जाऊन उभी राहीन, माल आहे की नाही ते डोळ्यांनी बघेन, आणि नसेल तर तिथूनच दुसऱ्याला ऑर्डर देईन, महाग पडली तरी. मग साहेबांना काय सांगाल? म्हटलं, महाग का पडली ते. मग त्यांनी आणखी विचारलं, आणखी विचारलं, आणि मी पहिल्यांदाच न थांबता, श्वास न मोजता, आमच्या घरी बोलते तशी बोलले. इंग्रजी मोडकं, मधे गुजराती, मधे हिंदी. कुणी हसलं नाही.

काल फोन आला. झाली माझी निवड. पंधरा तारखेपासून यायचं आहे.

आणि बाई फोनवर काय म्हणाल्या, ऐक. म्हणाल्या, “तमारा करतां होशियार कँडिडेट हता. पण तमे साचुं बोल्या. अमने ईमानदार माणस जोइए.” तुमच्याहून हुशार होते, पण तुम्ही खरं बोललात. आम्हाला प्रामाणिक माणसं हवीत.

मी थँक यू म्हटलं आणि फोन ठेवून मोरीत जाऊन नळ सोडून बसले. आईनं दार वाजवलं. सांगितलं तिला, नोकरी लागली. ती तिथेच दाराशी बसली आणि पिठाच्या हातांनी माझं तोंड धरलं. म्हणाली, “काय विचारलं गं त्यांनी?” मी म्हटलं, तांब्याचं. ती म्हणाली, “बाबांचं सांगितलंस का?” मी म्हटलं, हो.

वर्षभर ज्या नोकरीसाठी तळमळले ती मिळाली, आणि मला आनंद होत नाहीये. राग येतोय, आणि तो कुणावर काढावा ते समजत नाहीये. तू खोटं बोललीस, तुला नोकरी लागली. मी खरं बोलले तेव्हा मला हाकललं, खोटं बोलले तेव्हा प्रामाणिक म्हणून घेतलं. यातून काय शिकलात, असं आता कुणी विचारलं ना, तर टेबल उलटं करेन.

पंधरा तारखेपासून आपण एकाच खात्यात. डबा मी माझ्या जागेवर खाईन. कामाचं बोलेन, नीट बोलेन, चारचौघांत तुझा अपमान करणार नाही. त्या इमारतीत माझ्या वडिलांविषयी कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

पण एक काम आहे, म्हणून हे पत्र.

मंगळवारी बाबांचं वर्षश्राद्ध आहे. मुलगा नाही, म्हणून मीच करणार आहे, गुरुजी हो म्हणालेत. आई स्वयंपाक करते आहे. तात्यांना तिनं आवर्जून बोलावलंय. त्या पाण्यातून आलेला माणूस, त्याचं पान पहिलं, असं तिचं म्हणणं. तात्या येणार आहेत, सफारी घालून येतो म्हणाले.

तूही ये. तीन माणसांसमोर तू माझ्या बाबांना आपले वडील म्हणालीस, आणि मीही त्याच खोलीत ते मान्य करून आले. कंपनीच्या लेखी ते तुझेच आहेत. तेव्हा सुट्टी माग. कारण विचारतील, तर वडिलांचं वर्षश्राद्ध आहे म्हणून सांग. लगेच देतील, वर दोन शब्द हळहळतीलही.

आलीस की हात धुऊन पदर खोच आणि वाढायला लाग. तात्यांच्या पानावर तू वाढायचंस. ते विचारणार, मंगळवारी भरदिवसा ऑफिसातून सुट्टी कशी मिळाली गं तुला? तेव्हा त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मी शेजारी उभी असेन, पण मी मदत करणार नाही.

शर्वरी